नटाची बायको आणि अर्धा राहिलेला चहा

...आणि वर मलाच विचारतो, "चेहरा कसा वाटतोय?" कसा वाटणार? उपाशी वाटतोय! तुम्हाला सांगते, दात पडले, नात शाळेत जायला लागली, सोव्हिएत राज्य बुडालं, याचा कारखाना बंद पडला, शेवटचा पगार म्हणून किटल्या मिळाल्या... हो हो, किटल्या! घरात चहाची पूड चिमूटभर आणि किटल्यांची रांग! आख्खं बिश्केक शहर बाजारात बसून घरातले पडदे विकतंय, आणि आमचा म्हातारा नट झालाय. मला म्हणतो, "अगं बुरुलचा, माझ्या दाढीला मागणी आहे."

काम काय, तर मेजवानीतला वडीलधारा. जेवणं झाली की तळवे पसरायचे, दुवा द्यायची, तोंडावरून हात फिरवायचे. बस्स! ते जमलं तर सिनेमाभर काम आणि वर हिवाळ्यापुरतं पीठ. मग काय, तालीम! कुणासमोर? माझ्यासमोर! मी पाव चहात बुडवते न बुडवते तोच याचे तळवे पुढे. आता आपल्या किर्गिझ लोकांत वडीलधाऱ्याने तोंडावरून हात फिरवला की जेवण संपलं, घास हातात असला तरी उठायचं. जन्माची सवय हो! मी उठायची. हा खेकसायचा, "बस गं, तालीम आहे!" अहो, पण हात फिरवलात ना? आता कशी बसू? चहा तसाच, पाव तसाच... आमचा म्हातारा नट झालाय आणि मी रोज अर्धपोटी!

शूटिंगला मीही गेले, पाहुण्यांच्या घोळक्यात बसायला. शेजारी आमच्या गल्लीतले इसाबेक मास्तर. सहा महिने पगार नाही बिचाऱ्यांना. आणि समोर उकडलेली अख्खी मेंढी, वाफा येतायत! डायरेक्टर ओरडतोय, "कुणी हात लावायचा नाही, दिवसभर पुरवायचीय!" मास्तर त्या मांसाकडे असे बघत होते, की मला बघवेना.

"हं आजोबा, दुवा!"

म्हाताऱ्याचे तळवे मांडीवरच.

"आजोबा, कॅमेरा चालू आहे!"

"यांची जेवणं व्हायचीत अजून."

"झाली असं समजा की!"

"मी समजेन रे बाबा. यांची पोटं कशी समजणार?"

"अहो, नाटक आहे हे!"

"नाटक तुझं. दुवा माझी आहे, ती खोटी कशी देऊ?" आणि वळून म्हणाला, "जेवा रे सगळे. सावकाश जेवा."

जेवले हो! हाडंसुद्धा चोखली. मग यानं दुवा दिली... काय सांगू, मास्तर रडले, मी रडले. आणि कॅमेऱ्यातली फिल्म? संपलेली! सगळी आमच्या जेवणावर खर्च झालेली! मेंढी गेली, पीठ गेलं, काम गेलं. घरी आल्यावर यानं खिशातून रुमाल काढला, त्यात स्वतःच्या वाट्याचं मांस, नातीसाठी. यानं स्वतः घासही खाल्ला नव्हता! संताप आला मला, आणि खरं सांगते, अभिमानही वाटला. पण अभिमानाच्या का भाकऱ्या होतात?

परवा डायरेक्टरचा निरोप. दुसरं काम आहे म्हणे... मढ्याचं! "आजोबांना सांगा, तोंड उघडायचं नाही, हात हलवायचा नाही." झालं! आमचा म्हातारा पुन्हा नट झालाय. तेव्हापासून चुलीशेजारी डोळे मिटून ताठ पडलेला. सरपण आणा म्हटलं तर हूं नाही की चूं नाही.

मी तरी कशाला बोलू? हात हलवायचीच मनाई, तर दुवा कुठली? हा नट झाल्यापासून पहिल्यांदा, तुम्हाला सांगते, माझा चहा पुरता पिऊन होतोय.