कॉफीचा दट्ट्या

नाही, पण मी काय म्हणतो, दट्ट्या दिलाय तर तो दाबायला नको? तुम्हीच सांगा! कारखानदारानं काचेच्या भांड्यात एवढा चकचकीत स्टीलचा दट्ट्या बसवलाय, खाली जाळी, वर तळहाताला बसेल असं गोल बोंड, आणि आमची लेक म्हणते, "जोर लावायचा नाही, बाबा!" अहो, मग काय त्याची आरती ओवाळायची?

तुम्हाला सांगतो, केस काळे होते तेव्हापासून गाझियाबादला मराठी मालाचं दुकान चालवतोय मी. गोडा मसाला, मेतकूट, भाजणी, कोकम... तिकडे राजधानीतल्या कोपर्निकस मार्गावरून मराठी सरकारी साहेब येतात, नॉयड्याहून ती पुण्याची कॉम्प्युटरवाली पोरं येतात, मेतकुटाची पुडी हुंगतात आणि डोळे पुसतात! आणि दिवाळीत चकल्या! घाणेच्या घाणे! सोऱ्यात पीठ भरायचं आणि दट्ट्यावर अख्खा देह टाकायचा, हे मनगट बघा, उगाच झालं का असं? शाळा नववीत सुटली, पण धंद्यानं दोन गोष्टी पक्क्या शिकवल्या. माल बारीक दळायचा, आणि जोर लावल्याशिवाय काही बाहेर पडत नाही. चकलीही नाही आणि गिऱ्हाइकाच्या तोंडून होकारही नाही!

तर आमची एकुलती एक लेक अबोली. मुनिरक्याला खोली घेऊन राहते, पीएचडी करते. कशात? ते कुठं कुणाला विचारायला वेळ होता! दर रविवारी मेट्रो बदलत बदलत घरी यायची, ती हळूहळू येईनाशी झाली. "बाबा, सबमिशन आहे." "बाबा, सर्दी आहे." एकदा फोनवर सरळ विचारलं, अगं, येत का नाहीस? तर हसली आणि म्हणाली, "तुमच्याकडे धड कॉफी मिळत नाही ना!"

झालं! ती म्हणाली असेल चेष्टेत, पण दुकानदाराला हे वाक्य कुठं जाऊन लागतं माहीत आहे? गिऱ्हाईक तुटलं, का? तर माल नव्हता! मग माल आणायचा, बिल्कुल आणायचा!

आमची अलका म्हणाली, "अहो, आपल्याकडे आहे की कॉफी." आहे ना! भरपूर दूध, भरपूर साखर, वरून जायफळ, पिऊन माणूस बसल्या जागी पेंगतो. आणि आमची अबोली कॉफी पिते ती जागं राहायला!

मग गेलो मॉलमध्ये. तिथला दाढीवाला मला म्हणतो, "सर, इसमें ऑरेंज और जैस्मिन के नोट्स हैं." म्हटलं, बेटा, कॉफीला संत्र्याचा वास येतोय ना, तर गोदामात पोत्याशेजारी संत्री ठेवली होती, मुझे मत सिखाओ! पण घेतली. हे दट्ट्याचं भांडं घेतलं, अख्ख्या बिया घेतल्या आणि घरी येऊन स्वतःच्या हातानं दळल्या. वस्त्रगाळ! बुक्का नुसता! बोटाला कण लागेल तर दुकानाची पाटी उतरवीन!

आणि अबोलीला फोन केला, "माल आलाय." आली हो पोरगी! मी तिच्यासमोर भांड्यात भसाभस कॉफी ओतली, वर खळाखळा उकळतं पाणी, झाकण लावलं आणि दाबला दट्ट्या. हलेना! म्हटलं, हलत नाहीस? मला? आडनाव विचार माझं गाझियाबादेत! चढलो पाटावर, दोन्ही तळवे बोंडावर, अख्खा देह टाकला... आणि तुम्हाला सांगतो, उडाली ना! ओट्यावर, छतावर, कॅलेंडरवरच्या गणपतीवर, अलकाच्या कालच इस्त्री करून आणलेल्या साडीवर!

अबोली फरशीवर बसून पोट धरून हसतेय. "जोर लावायचा नाही, बाबा! आणि हे काय दळलंय? जाड हवं, जाड! रव्यासारखं!"

जाड? मी? अहो, जाड मसाला दिला तर गिऱ्हाईक पुडी तोंडावर मारेल! पण हसत होती ना इतक्या दिवसांनी, म्हटलं मूड चांगला आहे, आणि छत पुसता पुसता सहज म्हणालो, "बरं का, ते पुण्याचं स्थळ आहे ना, मुलगा आयटीत आहे, फोटो पाठवू?"

हसणं बंद! बॅग उचलली आणि जेवणाच्या आधी निघून गेली. "बाबा, काम आठवलं."

मी आपला फडकं हातात घेऊन स्टुलावर उभा. अलका साडीचे डाग बघत म्हणाली, "घातलंत? पोरीलाही सोऱ्यात घातलंत? अहो, ती काय कॉफीवाचून अडली होती? आल्या आल्या स्थळ, ताटावर स्थळ, चपला घालताना स्थळ! कोण येईल?"

मी परत छत पुसायला लागलो. हे ऐकण्यापेक्षा ती कॉफी पुसायला बरी होती हो...

मग लागलो शिकायला. दळायचं जाड, जीव तुटतो पण जाड! भांडं गरम पाण्यानं विसळायचं, पाणी उकळलं की जरा निवू द्यायचं, ओतायचं, चमच्यानं हलवायचं, झाकण ठेवायचं आणि... थांबायचं! चार मिनिटं! दुकानात गिऱ्हाईक चार मिनिटं ताटकळलं तर समोरच्या दुकानात जातं! माझा हात आपोआप दट्ट्याकडे जायचा आणि अलका मागून लाटणं आपटायची, "हात!" शेवटी हात पाठीमागे बांधून उभा राहायला लागलो, शाळेत अंगठे धरण्याच्या आधी उभे करायचे ना, तसा.

आणि फोन केला. "स्थळ नाही. फक्त कॉफी." मग म्हणते, "आईची शपथ?" म्हटलं, आईची, दुकानाची, गोड्या मसाल्याची!

आली. मी सगळं रीतसर केलं आणि हात मागे बांधून भांड्यासमोर उभा राहिलो. अलका कोथिंबीर निवडतेय. आणि अबोली, ओट्याला टेकून, हळूच म्हणाली, "बाबा, मला वर्षभर लेहला जायचंय. संशोधनाला. लग्नाचं मग बघू. तुम्ही नको म्हणाल म्हणून सांगितलंच नव्हतं..."

तोंडाशी काय काय आलं म्हणून सांगू! थंडी! एकटी! वय! लोक! पण एक गंमत बघा, हात मागे बांधायची सवय लागली ना, की तोंडही आपोआप बांधलं जातं. आणि चार मिनिटं व्हायची होती! ती बोलत राहिली. त्या डोंगरातून पूर्वी व्यापारी कसे जायचे, घोड्यांवर काय लादायचे, केशर कुठून, वेलदोडे कुठून, लेहच्या बाजारात भाव कोण ठरवायचं...

अहो, म्हणजे पोरगी इतकी वर्षं माझाच धंदा शिकतेय! आणि मला पत्ता नाही!

चार मिनिटं झाली. मी बोंडावर तळहात नुसता ठेवला. गेला की हो दट्ट्या खाली, मुंगीच्या पावलानं, कुरकुर नाही, काही नाही! कप भरला. तिनं घोट घेतला, माझ्याकडे बघितलं.

"बाबा... जायफळ?"

"चिमूटभर... दुकानदाराचा हात आहे गं."

"राहू दे. छान लागतंय, यार."

म्हटलं, "जा लेहला. पण स्वेटर मात्र जाड ने. रव्यासारखं जाड."

लेहला निघायला अजून अवकाश आहे, पण तेव्हापासून रविवार चुकवत नाही पोरगी. चांगलं झालं, नाही कोण म्हणतो? पण अलका हे सगळं बघत होती ना! परवा, मधल्या वारी, भर दुपारी, मला गोड आवाजात म्हणते, "अहो, कॉफी करू या का?" मी आपला भोळा, पाणी ओतलं, झाकण लावलं, हात मागे बांधले, आणि हिनं आपल्या बहिणीचं सुरू केलं! "आमची सरला आणि तिचे मिस्टर थंडीत महिनाभर आपल्याकडे यायचं म्हणतायत..." बोलता येईना, हलता येईना, चार मिनिटं होईपर्यंत त्यांची तिकिटं काढून मोकळी झाली बाई!

आणि मिस्टरांना म्हणे रोज सकाळी ताजी कॉफी लागते. येऊ देत, चलो! मी कशाला जोर लावू? त्यांच्यासाठी आपली वस्त्रगाळ दळून ठेवतो... दट्ट्या त्यांचा त्यांना दाबू दे!