पाठवण्याआधी ‘आवर’

का, ते विचारायचं नाही. पहिल्या दिवशी खुर्चीत धड टेकलेही नव्हते, तेव्हा काकांनी सांगितलेला हा नियम. काका म्हणजे माझे सख्खे काका, आणि ऑफिसही त्यांचंच, म्हणजे तुम्हीच बघा, घरातही तेच आणि इथेही तेच, दाद मागायची कोणाकडे? "हे बघ," म्हणाले, "कॉलेजात शिकलीस ते शिकलीस. इथे काम कुठलंही असो, ग्राहकाकडे पाठवण्याआधी ‘आवर’ चालवायची. का, ते विचारायचं नाही."

आता ‘आवर’ म्हणजे काय ते सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल पोरीच्या हातात झाडू दिला. आम्ही लोकांच्या वेबसाइट बनवतो. त्यासाठी पॅकेज मॅनेजर नावाचा एक नोकर असतो. काळ्या खिडकीत राहतो, त्याला चित्रं नाहीत, बटणं नाहीत, टाइप करून हुकूम सोडायचा. त्याचं मूळ काम म्हणजे जगभरच्या लोकांनी लिहून ठेवलेले तयार तुकडे आणून देणं. पण त्याला आपली घरची कामंही शिकवता येतात. कामाला एक नाव द्यायचं, नावापुढे काय करायचं ते लिहायचं, मग नुसतं ‘रन’ आणि ते नाव टाइप केलं की गडी कामाला लागतो. याला म्हणायचं स्क्रिप्ट. आमच्या प्रोजेक्टात ‘आवर’ नावाची स्क्रिप्ट आहे. करते काय? पसारा आवरते. कसला पसारा? इथे काका चष्म्यावरून बघतात.

आणि नुसती चालवून भागत नाही हो. ती चालू असताना कीबोर्डला हात लावायचा नाही, उठून उभं राहायचं नाही, चहाची किटली तर मुळीच लावायची नाही, कारण एकदा किटली लावली, वीज गेली आणि ‘आवर’ अर्धीच राहिली, ते आत्याच्या मनात जे बसलं ते बसलं. आत्या म्हणजे काकांची बहीण, ग्राहकांचे फोन तीच घेते. तिसरे आमचे मोठे सर. ‘आवर’ लिहिली त्यांनीच. पण आत काय आहे ते विचारलं की सर असे काही डोळे मिटतात... मला वाटायचं आठवतायत. नाही हो. डुलकी असते ती.

तर झालं काय, एका लाँड्रीचं काम होतं आमच्याकडे. इतकी वर्षं त्यांची वेबसाइट आपली चालली होती, कोणी हात लावला नव्हता. आणि परवा त्या लाँड्रीवाल्याला लहर आली, ‘ऑर्डर द्या’ या बटणाचा रंग निळा पाहिजे. निळा तर निळा. मी रंग बदलला, नियमाप्रमाणे ‘आवर’ चालवली, हात मांडीवर ठेवून शहाण्या मुलीसारखी बसले, पाठवून दिलं. बटण निळं झालं. आणि गावातल्या सगळ्यांचे धुतलेले कपडे एकाच घरी जायला लागले.

एकाच. एका निवृत्त शिक्षिका बाईंच्या घरी.

पहिला फोन मीच घेतला, आत्या जागेवर नव्हती. "अगं मुली," बाई म्हणाल्या, अगदी शांतपणे, "माझ्याकडे कुणा वकिलाचा काळा डगला आलाय. खिशात साखरेच्या पुड्या आहेत. त्या मी वेगळ्या ठेवल्यात." मी म्हटलं, बाई, माफ करा, लगेच बघते. बघितलं तर कुणीही ऑर्डर देवो, पत्त्याच्या जागी बाईंचाच पत्ता. सेटिंगच्या फाइलीत एक ओळ होती, सगळ्या पिशव्या या पत्त्यावर धाड. उडवली ती ओळ. किती वेळ लागला? डोळ्याची पापणी लवते तेवढा. पाठवणार, तोच मागून आवाज, "आवर?"

चालवली आवर. पाठवलं. दुपारी बाईंचा फोन, "फुटबॉलची अख्खी टीम आली गं. म्हणजे माणसं नव्हेत, गंज्या."

म्हटलं माझंच चुकलं असेल. पुन्हा बघते तर ती ओळ जागच्या जागी, हसत बसलेली. पुन्हा उडवली, पुन्हा मागून "आवर?", पुन्हा हात मांडीवर, पुन्हा पाठवलं. बाईंचा फोन. कुठल्याशा हॉटेलचे सगळे टेबलक्लॉथ आणि नाटक कंपनीचे शिपायांचे डगले. आता तुम्ही म्हणाल, बाईंनी दारातूनच परत का नाही पाठवले? मीही तेच विचारलं. तर म्हणे पिशव्या टाकणारा माणूस ऐकतच नाही, "स्क्रीनवर तुमचाच पत्ता आहे बाई, मी काय करू?" असं म्हणतो आणि उंबऱ्यावर ठेवून जातो. आणि बाईंना स्वच्छ कपडे जिन्यात लोळताना बघवत नाहीत, म्हणून त्या आत घेतात. नियम पाळणारी माणसं सगळीकडे भरलीत हो, नुसती आमच्याच ऑफिसात आहेत असं नाही.

त्यानंतरच्या फोनवर मात्र बाईंचा आवाज लहान झाला होता. "मुली, पलंगापर्यंत पोचता येत नाहीये आता. काल खुर्चीतच झोपले. पाय सुजलेत. रागावत नाही गं मी, फक्त विचारते, अजून किती येतील?"

तुम्हाला सांगते, मी तडक काकांच्या टेबलापाशी गेले. काका, ती ओळ मी उडवते आणि ती परत उगवते, मला ‘आवर’ उघडून बघायचीय. काका म्हणाले, "बघायची कशाला? चालवायची असते ती." आणि वर, का, ते विचारायचं नाही.

उघडली मी. आत काय असावं? एक ओळ. तात्पुरत्या फायली पुसून टाक. बस्स. इतकी गरीब, इतकी निरुपद्रवी, की तिच्यावर संशय घेतला म्हणून मलाच लाज वाटली. आणि मग तिच्या डोक्यावरची ओळ दिसली. ‘प्री-आवर’. या नोकराची एक खोड असते बघा. एखाद्या कामाच्या नावाआधी ‘प्री’ लावून दुसरं काम लिहून ठेवलं, तर तो ते आपण न सांगता आधी उरकून घेतो. बोलवायला नको, विचारायला नको, लग्नात सगळ्यांच्या आधी येऊन पंगतीत बसणारे असतात ना, तसं. आणि हे ‘प्री-आवर’ काय करत होतं? सेटिंगची एक नमुन्याची फाइल, तीच पत्त्याची ओळ असलेली, उचलून खऱ्या फाइलीवर आदळत होतं. मी दुरुस्त करायचं, मग दुरुस्ती सुखरूप जावी म्हणून ‘आवर’ चालवायची, आणि ‘आवर’नेच ती पुसायची.

"सर," म्हटलं, "हे काय आहे?"

सरांनी डोळे उघडले. "नमुना. साइट सुरू झाल्यावर पुढच्या चाचण्यांसाठी जोडला होता. चाचणीच्या खोट्या ऑर्डरी भलत्याच माणसाकडे जाऊ नयेत, म्हणून सगळ्यांना एकच पत्ता दिला होता."

"तो एक पत्ता खऱ्या बाईंचा?"

"मला दुसरा पत्ता पाठच नव्हता. पत्रलेखन शिकवताना बाईंनी स्वतःचा पत्ता घोकून घेतला होता आमच्याकडून."

"म्हणजे त्या तुमच्या बाई? आणि त्यांचे इतके फोन आले, तुम्ही इथे बसून ऐकलेत?"

"मला वाटलं," सर म्हणाले, "बाई आहेत, सांभाळून घेतील."

मी काकांकडे बघितलं. म्हटलं आता तरी. काकांनी चष्मा काढला, पुसला, घातला. "हे सगळं खरं," म्हणाले, "पण ‘आवर’ न चालवता पाठवलं आणि काही झालं तर?"

काका, झालंय.

"तसं नव्हे. आणखी काही."

आत्या म्हणाली, "त्यापेक्षा बाईंनाच थोडे दिवस कुणा नातेवाइकाकडे पाठवलं तर? मी बोलते त्यांच्याशी, माझं फोनवर ऐकतात लोक." यावर सरांनी मान हलवली. काकांनी मान हलवली. तीन शहाणी माणसं, केस पांढरे झालेली, एका म्हातारीला तिच्या घरातून हलवायला तयार, पण स्क्रिप्टमधली एक ओळ हलवायला तयार नाहीत.

"चल," काका म्हणाले, "टाइप कर. रन..."

"मी नाही चालवणार."

"काय?"

"‘आवर’. आज नाही, उद्या नाही, कधीच नाही." आणि त्यांच्या डोळ्यांदेखत सेटिंगमधली ती पत्त्याची ओळ उडवली आणि तशीच, न आवरता, दुरुस्ती पाठवून दिली. आकाश कोसळलं नाही. नवी ऑर्डर आली, ज्याचा शर्ट त्याचा पत्ता. मग म्हटलं, "स्क्रिप्ट मी काढलेली नाही काका, काढली तर तुम्ही परत लिहून घ्याल. नमुन्यातला पत्ता तेवढा बदललाय. यापुढे ज्याला ‘आवर’ चालवायची असेल त्याने खुशाल चालवावी. सगळे कपडे तुमच्या घरी येतील."

आत्याचा हात फोनवर तसाच. सरांचे डोळे टक्क उघडे, पहिल्यांदाच. काकांनी माझ्याकडे बघितलं, स्क्रीनकडे बघितलं, पुन्हा माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, चला, जिंकले एकदाची.

मग काकांनी हळूच खिशातून फोन काढला, घरी लावला आणि काकूला म्हणाले, "अगं, ती मागची खोली जरा रिकामी करून ठेव."