पाकळी तुटलेला हिमकण

मंडळी, मला एक सांगा — सुंदर दिसावं म्हणून खऱ्याला थोडा हात लावला, तर बिघडलं कुठं? थांबा, लगेच माना डोलवू नका! आधी ऐका.

शंभर-सव्वाशे वर्षं झाली असतील. हिमालयातलं एक लहानसं गाव. तिथे फोटोग्राफर नीळकंठराव आगाशे आणि त्यांची बायको वेणूबाई. आता कोकणातला माणूस बर्फात काय करतो? अहो, ध्यास! आभाळातून पडणाऱ्या एकेका हिमकणाचा फोटो काढायचा! वेणूबाईंनी काळ्या पाटीवर कण झेलायचा, रावांनी काडीनं अलगद उचलून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचा — आणि दोघांनी श्वास रोखायचा! नुसता उसासा टाकला, की त्या कणाचं झालं पाणी!

फोटो कलकत्त्याच्या विद्वानांकडे गेले. उत्तर आलं — ही तर हातानं काढलेली नक्षी दिसते. आमचे अघोरबाबू येऊन फोटोंच्या मूळ काचा तपासतील. खोट्या निघाल्या, तर वर्तमानपत्रात तसं छापू.

राव हादरले. त्यांच्या सगळ्यांत देखण्या कणाची सहांतली नेमकी एक पाकळी तुटलेली! पोटासाठी ते माणसांचे फोटो काढत, त्यात चेहऱ्यावरचे देवीचे व्रण कुंचल्यानं मिटवत. हात सराईत. म्हणाले, ही मोडकी पाहून बाबू म्हणतील, नक्षी काढताना हात चुकला; एवढी एक पाकळी भरतो, कुणाला कळतंय?

वेणूबाईंनी त्यांचा हात धरला. बाईंच्या स्वतःच्या चेहऱ्यावर देवीचे व्रण होते, मंडळी.

“अहो, माझ्या फोटोतले व्रण तुम्ही पुसलेत. सगळे म्हणतात, काय छान दिसते! पण त्या फोटोतली बाई कोण, ते मला ठाऊक नाही. या कणाला तरी त्याचंच रूप राहू द्या.”

रावांनी कुंचला खाली ठेवला.

अघोरबाबू आले. खिडकीशी बसून भिंगातून एकेक काच पाहू लागले. वेणूबाई दाराआड. मनात येई, आपल्या हट्टापायी यांचं नाव तर जाणार नाही ना? तुटक्या पाकळीची काच आली आणि बाबू थांबले. पुन्हा पाहिली. उजेडात धरली.

मग म्हणाले, “खोटं रचणारा माणूस मोडकी पाकळी कशाला रचेल? आगाशे, चूक आमची. तसं मी छापून आणतो.”

राव मटकन खुर्चीत बसले आणि चक्क हसायला लागले. दाराआड वेणूबाईंनी डोळ्यांना पदर लावला. छातीवरचा धोंडा उतरला हो! त्या दिवशी कितीतरी दिवसांनी दोघं पोटभर जेवली.

आता तुमच्याकडे वळतो. मुलगी दाखवताना तिचा चष्मा काढून ठेवता ना? मग लग्नानंतर काय तिनं भिंतीवर आदळायचं? देवापुढे उभे राहतानाही आपण असेच रंगरंगोटी करून! अरे, ज्यानं ती पाकळी घडवली, त्याला तुटलेली दिसत नाही होय? जसे आहात तसे या. म्हणा माझ्याबरोबर — विठ्ठल, विठ्ठल!