थीममध्ये झेंडू बसत न्हाई

...गवत हो! वाळलेलं गवत! तुम्हाला सांगतो, माझ्या सख्ख्या लेकीच्या लग्नात, स्टेजवर गवत! अन तेबी आपल्या बांधावरचं न्हाई, नांदेडहून टेम्पोत घालून आणलेलं! म्या शेषेराव, मुखेडच्या शिवारात जलमलो, गवत उपटण्यात हयात गेली माझी, अन माझ्याच वावरात गवत गाडीतून उतरून राहिलं... अन ते लोक उतरवायलेत कसं? बाळंतीण दवाखान्यातून घरी आणावी तसं, जपून जपून! म्या म्हणलं, "शिल्पे, हे काय माय?" तर म्हणती कशी, "पप्पा, थीम आहे ती!"

थीम!

आता तुम्ही म्हणाल, शेषेराव, एवढं चिडायला काय झालं? आवं, चिडलो कुठं, धसका घेतला म्या धसका! सोयाबीन निघालं, लेकीचं लगीन मार्गशीर्षात धरलं, तसा म्या हरभऱ्याच्या जागी झेंडू लावला. एक एकर! लोक हसले. म्हणलं हसा, माझ्या लेकीच्या मांडवाला इकतचं फूल लागणार न्हाई! पहाटं उठून धुक्याची धुई पडली का बघायचो, कळ्यांशी बोलायचो हो, "थांबा जरा, आदीच फुलू नगा..." अन काय फुलला म्हणता! पिवळाधम्मक! नांदेडच्या बँकेतून सुट्टी काढून शिल्पा आली, तिला बांधावर नेलं, म्हणलं बघ. तिनं बघितलं, मोबाईल काढला, फोटो घेतला, अन म्हणती, "पप्पा, खूप सुंदर आहे. पण थीममध्ये झेंडू बसत नाही. हिवाळ्यातलं लग्न आहे ना, सगळं पांढरं, फिकट गुलाबी अन राखाडी पाहिजे. स्टेजवर एक जरी पिवळं फूल दिसलं, तर मी वर पाय ठेवणार नाही."

राखाडी! लग्नात राखाडी! आमची गुणाबाई, शिल्पाची माय, मटकन खालीच बसली. "आवं, राख सावडायला जातेत लोक, राखेत लगीन कामून लावायचं?" म्या काय सांगू तिला? म्हणलं, थीम हाय, गप ऱ्हा.

मग तो डेकोरेशनवाला, वकार. पोरगं गुणाचं, तोंडानं गोड. म्या त्याला बाजूला घेतलं, म्हणलं, बाबा, एका कोपऱ्यात तरी, कुणाला दिसणार न्हाई असा... तर म्हणतो, "चाचा, टेन्शन नको लो, सब यहीच करारे आजकल!" अन लग्नाच्या आदल्या दिवशी केली की त्यानं तयारी. माझ्या खळ्यावर पांढरं कापड, पांढरी फुलं, मधी ते गवताचे तुरे, अन दोन्ही बाजूला शेकोट्या. म्हणलं, चला, थंडीचं एक तरी काम शहाणपणाचं केलं! जवळ जाऊन हात धरले... अन बघतो तर काय, लाकडाच्या आत लाल बल्ब! इस्तूच न्हाई! अशी शेकोटी बघितली का तुम्ही कधी?

आता पुढचं ऐका. आमच्या भावकीत एक रीत हाय. लग्नाच्या सकाळी भावकी न बोलावता येती अन जे काम अडलेलं दिसंल ते करून मोकळी होती. इचारायचं न्हाई! इचारलं तर परकं वाटतंय. तर आमचा चुलतभाऊ ग्यानोबा धा-पंधरा गडी घेऊन उजाडताच आला. म्या रातभर जागलेलो, आत घोरत पडलतो. कुडकुडत बसले सगळे त्या शेकोटीभवती. उजेड पडायलाय, ऊब येईना! मग ग्यानोबानं वर बघितलं. स्टेजवर गवत! कापडावर रंग न्हाई! झालं, त्यानं ताडलं की डेकोरेशनवाला अर्ध्यातून पळाला अन शेषेरावची अब्रू चालली... "उठा रे!"

म्या उठून, अंघोळ करून, डोकं पुसत बाहेर येतो तर... अबाबाबा! गवत सगळं गोठ्यात, बैलांपुढं! अन माझा एकरभर झेंडू तोडून, ओवून, स्टेजवर! माळांवर माळा! वावरच उठून मांडवात आल्यावानी! खरं सांगू? माझं काळीज भरून आलं हो. डोळ्याला पाणी आलं. म्हणलं, देवा, म्या मागितलं न्हाई अन तू दिलंस...

अन माघारी बघतो तर शिल्पा उभी. हळदीच्या अंगानं. वरडली न्हाई, रडली न्हाई, नुसतं म्हणली, "पप्पा..." अन खाली बघायली.

तिथं माझा झेंडू संपला बगा! म्या धावलो गोठ्यात. बैलाच्या तोंडातून गवत वढायलो म्या, नवरीचा बाप, नव्या धोतरात! बैल सोडंना, म्या सोडंना! टेम्पोत झोपलेल्या वकारला उठवलं, राहिलं तेवढं त्यानं झटकून लावलं, अन झेंडूच्या माळा म्या माझ्या हातानं उतरवून बैलांपुढं टाकल्या. ग्यानोबा म्हणतो, "शेषेराव, डोकं फिरलं का तुमचं?" म्हणलं, थीम हाय! उदगीरचे पाव्हणे आले, नवरदेवाचे चुलते गुरुपादप्पा स्टेजकडं बघून म्हणले, "एवढं वावर असून गवत लावलाव?" म्हणलं, थीम हाय! गवताचा एक तुरा तर अर्धा खाल्लेला, त्याच्या खालीच लेकीवर अक्षता टाकल्या म्या.

मग पाठवणीची येळ. गाडीवरची पांढरी फुलं उन्हानं माना टाकलेली. शिल्पानं एक पाय गाडीत ठेवला अन काढला माघारी. "पप्पा, गाडीला आपला झेंडू लावा ना."

म्हणलं, "आगं, थीम?"

"थीम स्टेजपुरती होती, पप्पा. सासरी मी तुमचं फूल घेऊन जाणार."

आता काय करावं माणसानं? सांगा! पुन्हा धावलो गोठ्यात. वावरात फूल न्हाई, दावणीत फूल न्हाई, चाटून पुसून साफ! एक माळ तेवढी पोरांनी गंमत म्हणून धवळ्या बैलाच्या गळ्यात घातलेली, अन शेजारचा पवळ्या ती डोळे मिटून खात उभा! वढली. जेवढी आली तेवढी आणली अन गाडीला बांधली.

गुरुपादप्पा वाकून वाकून बघायलेत. "शेषेराव, हार अर्धाच कामून? अन वल्ला बी हाय की!"

लेक गाडीत बसलेली. म्या हाराची गाठ आवळत म्हणलं, "पाव्हणं... थीम हाय."