शिओबाराची शेवटची पेनल्टी

— नाही ताई, थांबा, टोफू घेतलात, आता ऐकूनही घ्या. अंगात शिओबाराचा सात नंबरचा शर्ट घालून माझ्या दुकानात येता आणि मलाच विचारता, 'नागुमो-सान, तुम्ही त्याच्याबरोबर खेळलात ना, कसा होता हो तो?' — कसा होता? रडका होता. हसू नका. आमच्या शाळेच्या संघात सगळ्यात जास्त गोल कुणाचे? कुरामोचीचे. तो आज लोकांना गाडी चालवायला शिकवतो; त्याच्या नावाचा शर्ट पाहिलाय कधी कुणाच्या अंगात? आणि देशभरातल्या शाळांची फायनल — मी गोलात उभा, शिओबाराने मला मागे पास दिला — पास कसला, मेलेला बेडूक — समोरच्याने मधेच पळवला, गोल, हरलो आम्ही. हा तिथेच गुडघ्यांवर बसून ढसाढसा रडला, दुसऱ्या दिवशी पेपरात त्याचा फोटो, अख्खा देश हळहळला. मी नाही रडलो. झालं — गोलकीपरला म्हणे काही वाटलंच नाही. चूक त्याची, आणि वर्षभर गिऱ्हाईक तुटलं माझ्या वडिलांच्या दुकानाचं. याच दुकानाचं. तेव्हापासून डूख धरून होतो मी, लपवत नाही.

मग त्याचा निरोपाचा सामना — जुने शाळासोबती म्हणून आम्हालाही खेळायला बोलावलं, गोलात मीच. तुम्ही होतात? असणारच. आता अशा सामन्यात रीत काय — शेवटी त्याला एक पेनल्टी द्यायची, गोलकीपरने उलट्या बाजूला उडी मारायची, सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या. आयोजक मिठाईचा डबा घेऊन इथे आले, कमरेत वाकून म्हणाले, 'शिओबारा-सान डावीकडे मारतील, आपण उजवीकडे उडी घ्यावी.' मीही वाकलो, हो म्हणालो. मिठाई खाल्ली. आणि उडी मारली डावीकडे. अडवला बॉल — या तळव्याने, आत्ता ज्याच्यावर ठेवून तुमचा टोफू कापला ना, त्याच. अख्खं मैदान चिडीचूप. काय गार वाटलं म्हणून सांगू तुम्हाला, इतकी वर्षं वाट बघितल्यावर —

पण किती वेळ? तो गुडघ्यांवर बसेपर्यंत. बसला, रडायला लागला, आणि सगळं मैदान उठून त्याचं नाव घ्यायला लागलं. गोल झाला असता तर इतके ओरडले नसते. तुमच्याही डोळ्यांत पाणी आलंय, पुसा ते. मी उठवायला गेलो — जावं लागतं, कॅमेरे असतात — तर गळ्यात पडला, आणि हुंदके देत देत कानात काय म्हणाला? हे कुणाला सांगितलं नव्हतं मी. म्हणाला, 'शाळेपासून ओळखतो तुला. तू ऐकणार नाहीस, डावीकडेच येशील, खात्री होती मला. उपकार झाले.' — म्हणजे बघा, आयुष्यभर जपलेला माझा सूड, तोसुद्धा त्याच्याच कामाला आला.

काय म्हणालात? हात मिळवायचाय? त्याचा शेवटचा बॉल या हाताला लागला होता म्हणून? — हात ओला आहे, ताई. दार ओढून घ्या जाताना.