लास वेगासचा अर्थ

तुम्ही अमेरिकेच्या गप्पा मारायलात म्हणून आठवलं. लातूर जिल्हा नवाच झाला होता, त्यात दुष्काळ. आमचा बाप अहमदपूरजवळच्या आमच्या गावात गायरानावर ज्वारी पेरायचा. आम्हा बौद्धांना दुसरी जमीन नव्हतीच. गाव म्हणायचं, उठा, आमची जनावरं चरायची कुठं? शेवटी बाप मला घेऊन लातूरला कलेक्टर कचेरीत एका साहेबाकडं गेला, ती जमीन नावावर मागायला.

साहेब म्हणाले, "गायरानावर पीक घेता येत नाही. कायदा आहे."

भिंतीवरच्या कॅलेंडरात दिव्यांनी लखलखणारं एक शहर होतं, बाप तिकडं बघत राहिला.

साहेब खुलले. "ते लास वेगास. माझा मेव्हणा असतो तिथं. नाव स्पॅनिश आहे, अर्थ कुरणं. म्हणजे आपलं गायरानच की!"

बापानं हात जोडूनच विचारलं, "मग साहेब, त्यांला कुणी उठवलं न्हाई का?"

साहेबांनी घंटी वाजवून पुढच्या माणसाला बोलावलं.

संध्याकाळी गावात उतरलो, तर आमच्या ज्वारीत गावाची जनावरं सोडलेली. आई बांधावर बसली होती, कपाळाला रक्ताळलेला पदर दाबून.

म्हणाली, "हाकलायला गेले, तर मलाच हाकललं."