ओमची डेट

महाड-पोलादपूर एसटीत अक्षदाच्या मागच्या सीटवर कुडपणचे भागोजी आणि शकू, ओमचे आईबाबा, बसले होते. तिला ते फोटोवरून माहीत होते. त्यांना ती मुळीच माहीत नव्हती.

"ओमचा फोन आलता. बाजार पडतोय, म्हणून शेअरमधलं पैसं काढलं म्हनं."

"मग ठेवलं कुठं?"

"अर्धं सोन्यात नि अर्धं डेटमधी."

"अगो शकू, डेट म्हंजे पोरीला फिरवाया नेतात ती!"

"अगो बाय! तरीच म्हनाला, यात जास्त वरखाली नाय, जिवाला घोर नाय."

"पोरगी गुणाची दिसते."

"सोनं पन घेतलंय त्यानं. दिवाळीतच उरकू या."

अक्षदानं ओढणीत हसू दाबलं आणि ओमला मेसेज केला, "डेट फंड म्हणजे कर्जरोख्यांतली गुंतवणूक, हे आईबाबांना एवढ्यात समजावू नकोस. दिवाळीत आपलं लग्न आहे."